निरोप तिला, फोन त्याचा

मागच्या पावसाळ्यात एका वाडीवर बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या आणि अंगठे झाले, चहा झाला. मग मी विषय काढला. ‘दिवस गेलेल्या नि तान्ह्या बाळाच्या आयांना सरकारकडून दर आठवड्याला फोन येतो म्हणतात. तुमच्यात कुणाकुणाला येतो?’

अशा पाचजणी होत्या. पहिली म्हणाली, ‘येतो की. मालकांच्या फोनवर येतो. कंपनीचा फोन समजून ते कट करतात.’ दुसरीने नाव नोंदवताना दिराचा नंबर दिला होता. दीर पुण्याला कामाला. बाळाला वरचं दूध पाजू नका, अंगावरच पाजा, हे तो पुण्यात बसून दर आठवड्याला ऐकत असेल या कल्पनेने बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तिसरीला असा काही फोन असतो हेच माहीत नव्हतं. चौथीकडे स्वतःचा फोन होता, पण वाडीत रेंज नाही. रेंज देवळाच्या टेकाडावर, आणि आठव्या महिन्यात टेकाड कोण चढणार? पाचवी जरा थांबून म्हणाली, ‘मी ऐकते ताई. चांगलं सांगती ती बाई. पण ती बोलती आणि बंद होती. मला विचारायचं असतं तवा ती नसती.’

हसणं तिथे थांबलं. मलाही पुढे काही बोलायला सुचलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे, आणि ते आपल्या सगळ्याजणींपुढे ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

हा फोन म्हणजे ‘किलकारी’ योजना. बीबीसी मीडिया ॲक्शन या संस्थेने बिहारमध्ये तिची सुरुवात केली आणि केंद्राच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०१६ मध्ये ती देशाची योजना म्हणून जाहीर केली. आपल्या महाराष्ट्रात ती यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण ७२ फोन. ध्वनिमुद्रित आवाज असतो. मूळ हिंदीत ‘डॉक्टर अनिता’ नावाची एक काल्पनिक डॉक्टरबाई बोलते. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, दवाखान्यातलं बाळंतपण, पहिलं चीकदूध, लसी, दोन मुलांतलं अंतर असे विषय असतात. ऐकायला पैसे पडत नाहीत आणि वाचता येण्याचीही गरज नाही. मुंबईच्या ‘आरमान’ संस्थेची ‘एममित्र’ ही योजनाही याच धर्तीची आहे.

हे सगळं वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईचा विचार करून सरकारने एखादी गोष्ट आखावी, हे आपल्याकडे रोज घडत नाही. आपणही गावोगाव पोस्टर घेऊन हिंडलो, फ्लिपचार्ट उलटत बायांपुढे बोललो, छापलेल्या पुस्तिका वाटल्या. त्यातल्या कितीजणींनी त्या वाचल्या? कितीजणींनी त्यात शेंगदाणे बांधून दिले? तेव्हा सरकारला नावं ठेवताना आपला हातही जरा तपासून पाहिलेला बरा. बायांना सांगायला आपण फार लवकर उठतो आणि त्यांचं ऐकायला फार उशिरा बसतो. ही खोड आपलीही आहे. आता ती यंत्रात भरली गेली आहे, एवढंच.

फोन कुणाचा, इथून सुरुवात करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात बायांना असा प्रश्न विचारला होता की तुमच्याकडे स्वतः वापरता असा मोबाईल आहे का? देशभरात ५४ टक्के बायांनी हो म्हटलं. खेड्यांतल्या बायांचं प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास. गोव्यात ९१ टक्के, मध्य प्रदेशात ३९ टक्क्यांच्याही आत. आणि आपण ज्याला पुढारलेलं राज्य म्हणतो त्या महाराष्ट्रात सुमारे ५५, म्हणजे देशाच्या सरासरीइतकंच. आता काही वर्षं गेली आहेत, आकडा वाढला असेल. पण ‘घरात फोन आहे’ आणि ‘बाईकडे फोन आहे’ यांत केवढं अंतर असतं, ते आकड्यापेक्षा त्या बैठकीत जास्त नीट दिसलं. घरातला फोन सकाळी नवऱ्याच्या खिशातून बाहेर जातो आणि रात्री चार्जिंगला लागतो. मधल्या वेळात तो घरात असला तर पोराच्या हातात असतो. रिचार्ज संपला तर आधी कुणाचा भरायचा हे ठरलेलं असतं. आणि बाईकडे तिचा स्वतःचा फोन असला, तरी कुणाचा आला, कुणाला केला, हे संध्याकाळी पाहणारा कुणीतरी घरात असतोच. २०१९ साली गुजरातमधल्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या काही गावांनी लग्न न झालेल्या मुलींना मोबाईल वापरायला बंदी घालण्याचा ठराव केला. आपल्याकडे असे ठराव करावे लागत नाहीत, कारण ते घराघरांत न बोलता झालेले असतात.

आता याच मुलीचं लग्न होतं, तिला दिवस जातात, उपकेंद्रात नाव नोंदवायला ती जाते, आणि नर्सबाई विचारते, ‘मोबाईल नंबर?’ ती सासूकडे बघते. सासू मुलाचा नंबर सांगते. योजना तिथेच अर्धी तिच्या हातातून जाते. आशाताई सांगतात, नंबराचा रकाना रिकामा ठेवला की वरून विचारणा होते. मग कधी दिराचा, कधी शेजाऱ्याचा, तर कधी आशाताईचा स्वतःचाच नंबर लिहिला जातो. मला भेटलेल्या एका आशाताईच्या फोनवर तीन वेगवेगळ्या बायांच्या पोटातल्या बाळांसाठी फोन येत होते.

‘किलकारी’चा उपयोग होतो का, हे पाहायला मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत पाच हजारांवर गरोदर बायांना घेऊन मोठा अभ्यास झाला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बायांना फोन येत होते, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. बाळाला सहा महिने केवळ अंगावरचं दूध पाजण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. पाळणा लांबवण्याची तात्पुरती साधनं वापरण्यात मात्र थोडी वाढ दिसली. हे वाचल्यावर मी माझ्याच मताशी जरा भांडले. मला वाटतं, फोन नवऱ्याकडे असल्याचा इथे उलटा फायदा झाला असावा. गर्भनिरोधनाची गोष्ट बाईने काढली तर घरात वादळ होतं. तीच गोष्ट सरकारी फोनवरून त्याच्या कानावर पडली तर तो निदान ऐकतो. म्हणजे पुरुषांना फोन करायला हरकत नाही. बापांना तर करायलाच हवा. पण तो बापांसाठी, बापांच्या भाषेत, त्यांच्या जबाबदारीबद्दल असावा. बाईसाठी पाठवलेला निरोप नवऱ्याच्या खिशात पोचवून ‘बाईला माहिती दिली’ अशी नोंद करणं ही मात्र फसवणूक आहे.

दूध पाजण्यात फरक का पडला नसेल? ज्यांनी शेतात बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत टाकून निंदणी केली आहे त्यांना हे विचारायची गरज नाही. बाईला ठाऊक नव्हतं म्हणून ती पाजत नव्हती, असं योजना धरून चालते. तिला रोजंदारी बुडवायची सोय नव्हती, तिचं स्वतःचं पोट भरत नव्हतं, याला ७२ फोनांत जागा नाही.

आणि हे ७२ फोन संपले की काय होतं, ते पाहा. मूल वर्षाचं झालं की बाई यंत्राच्या यादीतून जाते. मूल झालं नाही तर ती यादीत आलीच नसती. सरकारला बाई दिसते ती पोटाला आली की, आणि तीही पोटापुरतीच. आपण इतकी वर्षं शिबिरांत म्हणत आलो की बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण नव्हे. याच सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्या काही सगळ्या गरोदर नव्हत्या.

त्या पाचव्या बाईला काय विचारायचं होतं, ते बैठक संपल्यावर ती मला वाटेत म्हणाली. अंगावरून पांढरं जात होतं, वास येत होता, कंबर धरत होती. बाळ सात महिन्यांचं झालं होतं. इतक्या महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. गडचिरोलीजवळच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायांची तपासणी करून १९८९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. ९२ टक्के बायांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के होत्या. तेव्हा मोबाईल नव्हते. विचारणारं कुणीतरी गावात जाऊन बसलं आणि बाया बोलल्या. आज त्याच खेड्यांत फोन पोचला आहे, पण तो विचारत नाही.

आता फोनचा दुसरा निरोप. ‘डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातापायांवर, चेहऱ्यावर सूज आली तर ताबडतोब दवाखान्यात जा.’ सल्ला बरोबर आहे. एका बाईची हकीकत सांगते. आठवा महिना. तिने हा निरोप ऐकला होता, तिला आपली लक्षणं ओळखता आली. म्हणजे योजनेचं काम इथवर चोख झालं. पण त्या दिवशी नवरा फोन घेऊन ऊसतोडीची उचल आणायला मुकादमाकडे गेला होता. सासू म्हणाली, तो येऊ दे, मग बघू. शेजारच्या पोराच्या फोनवरून १०८ ला फोन लागेपर्यंत संध्याकाळ झाली. गाडी आली, पण पावसाने ओढ्यावरचा रस्ता खचलेला. चार माणसांनी तिला चादरीच्या झोळीतून ओढ्यापलीकडे नेलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या रात्री डॉक्टर नव्हते. तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला. तोवर तिला झटके आले होते. बाई वाचली. मूल गेलं. पुढे तीन महिने तो आठवड्याचा फोन येत राहिला: तुमचं बाळ आता दोन महिन्यांचं झालं असेल, तुमचं बाळ आता मान धरू लागलं असेल. नवऱ्याने शेवटी नंबरच बदलला. बाळ गेल्याची नोंद कुणी कुठे करायची होती ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि उपकेंद्रातल्या कागदावर ती झाली होती की नाही, हेही आम्हाला कळलं नाही.

बाळंतपणातले मृत्यू कशाने होतात यावर थॅडियस आणि मेन या दोघींचा १९९४ चा लेख अजून सगळीकडे आधाराला घेतात. त्यांनी तीन उशीर सांगितले: घरात निर्णय व्हायला, दवाखान्यात पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. वरच्या हकीकतीत तिन्ही आहेत. माहिती देणारा फोन पहिल्या उशिरातल्या एका कोपऱ्याला स्पर्श करतो. ‘माहिती’ आणि ‘निर्णय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्त्री चळवळीला कुणी नव्याने सांगायला नको. रस्ता, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, रात्री हजर असलेला डॉक्टर या गोष्टी फोनवर पाठवता येत नाहीत. त्या महाग असतात. निरोप स्वस्त असतो. माझा संशय असा, की निरोपांवर एवढं प्रेम त्यामुळेच आहे.

१०८ ची गोष्ट मात्र वेगळी. ती रुग्णवाहिका महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून आहे. गाडी कधी उशिरा येते, कधी येतच नाही, तक्रारी ढीगभर आहेत. तरी फोन म्हणजे काय असावा ते त्या नंबराने बायांना शिकवलं आहे. तिथे बाई बोलते आणि पलीकडे कुणीतरी उत्तर द्यायला बांधलेलं असतं. वाडीवरच्या म्हाताऱ्यांनाही तो नंबर पाठ आहे. ‘किलकारी’ हे नाव मात्र त्या बैठकीत एकीलाही सांगता आलं नाही.

खाली निरोप येतात तशी वर माहिती जाते. ती पाठवण्याचं काम बायांच्याच माथी आहे. आशाताई २००५ पासून ‘स्वयंसेविका’ आहे, कामगार नाही. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जायचं, वजन करायचं, ताप बघायचा, आईला पाजायला शिकवायचं, या सगळ्याचे मिळून २५० रुपये. गावातली बाई बाळाच्या घरी जाते म्हणून बाळं जगतात, हे ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत दाखवून दिलं होतं. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि देशाचा हा घरभेटीचा कार्यक्रम २०११ मध्ये त्यातूनच आला. तिथे बाळं वाचवणाऱ्या बायांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला श्वास द्यायची पिशवी होती. आजच्या आशाताईच्या पिशवीतलं सर्वांत वापरलं जाणारं साधन मोबाईल आहे, आणि बराच वेळ ती तो बाळाकडे पाहण्याऐवजी रेंजकडे पाहण्यासाठी धरते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनाबरोबरच ‘ऑनलाईन कामं लादू नका’ ही त्यांची मागणी होती. शहरातल्या काही शिकलेल्या मंडळींना ती मागासलेपणाची वाटली. ज्यांना स्वतःच्या फोनचं रिचार्ज स्वतःच्या पैशाने भरून सरकारचं काम करावं लागतं, त्यांना विचारा.

अंगणवाडी सेविकांनी तर याहून स्पष्ट उत्तर दिलं. पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन तापत होते, बंद पडत होते, त्यांची साठवण अपुरी होती, दुरुस्तीचा खर्च सेविकांकडूनच मागितला जात होता, आणि नवं ॲप इंग्रजीत होतं. सातवी-दहावी शिकलेल्या, पंचवीस वर्षं गावातल्या पोरांना खाऊ घातलेल्या बाईला इंग्रजी येत नाही म्हणून अपराधी वाटायला लावायचं, ही कसली सुधारणा? टेबलावर फोनांचा ढीग पडलेला तो दिवस आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदवून ठेवायला हवा.

आणि आता चेहरा. १ जुलै २०२५ पासून गरोदर आणि स्तनदा बायांना, तसंच सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार देताना चेहरा जुळवून पाहणं सक्तीचं झालं आहे. आधी आधारची पडताळणी, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, मग फोटो. आधारला जोडलेला मोबाईल कुणाचा? पुन्हा तोच. तो ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, मुंबईला. अंगणवाडीच्या दारात बाई उभी, कडेवर मूल, आणि सेविका तिच्या नवऱ्याला फोन लावते आहे: ‘दादा, आता एक नंबर आला असेल, तो सांगा.’ एका सेविकेने मला सांगितलं, ‘बाळंतपणानंतर बाईचा चेहरा उतरतो ताई. आधीच्या फोटोशी जुळत नाही.’ खोटे लाभार्थी रोखण्यासाठी हे केलं म्हणतात. चोरी होत असेल तर ती कंत्राटात, गोदामात, वजनात होते. तिथे कुणाचा चेहरा जुळवला जातो? पाकिटाची किंमत किती आणि त्यासाठी बाईने किती वेळा आपण खऱ्या आहोत हे सिद्ध करायचं?

एक गोष्ट आपल्या गटांतही दबक्या आवाजात बोलली जाते, ती लिहायलाच हवी. गर्भाची नोंद लवकर करा, बारा आठवड्यांच्या आत करा, यावर भर आहे. आरोग्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण नोंद झाली की नंबर जातो, फोन सुरू होतो, आणि बाईच्या पोटाची बातमी तिच्या आधी घरादाराला कळते. मूल नको असलेल्या बाईने काय करायचं? दोन मुली असलेली एक बाई तिसऱ्या वेळी दिवस गेल्यावर नाव नोंदवून आली. पुढे गर्भ आपोआप पडला. त्यानंतर ‘काय झालं, कुठे गेली होतीस’ असे फोन तिच्या नवऱ्याला आले. लिंगनिदानाविरुद्ध आपण भांडलो आहोत, कायदा आणला आहे, त्याची पकड सोनोग्राफीवाल्यावर हवी. तिचा फास बाईच्या गळ्याभोवती पडत असेल तर आपण गप्प बसता कामा नये. गर्भपात करून घेणाऱ्या बाईची ओळख गुप्त राखण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपाताच्या कायद्यात आणखी पक्की झाली आहे. कायदा गुप्तता सांगतो, आणि खात्याकडे असलेला तिचा नंबर मात्र नवऱ्याचा.

मग फोन नकोच म्हणायचा का? नाही. बाईच्या हातात फोन असावा म्हणून आपण भांडायचं आहे. पण तो उलटा फिरवायला हवा.

तसे प्रयत्न झाले आहेत. उत्तर प्रदेशात ‘सहयोग’ संस्था आणि ‘महिला स्वास्थ्य अधिकार मंच’ यांनी २०१२ मध्ये आझमगड आणि मिर्झापूर जिल्ह्यांत ‘मेरा स्वास्थ्य मेरी आवाज’ नावाने एक फोन सुरू केला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट असायला हवं. कुणी पैसे मागितले तर बाईने नाव न सांगता फोन करायचा आणि आकडे दाबून नोंदवायचं, कुठल्या दवाखान्यात, कशासाठी, किती मागितले. या नोंदी नकाशावर मांडल्या जात आणि त्या घेऊन बाया अधिकाऱ्यांपुढे जाऊन बसत. आसाममध्ये शोणितपूर जिल्ह्यातल्या चहामळ्यांत ‘नझदीक’ आणि तिथल्या स्थानिक संघटनांनी २०१४ मध्ये मळ्यातल्या बायांना शिकवलं की रुग्णवाहिका आली नाही, आहार मिळाला नाही, पैसे मागितले, तर ठरलेल्या खुणेचा साधा एसएमएस कसा पाठवायचा. तिथे मोठं ॲप नव्हतं की भारी फोन नव्हता. या दोन्ही ठिकाणी फोनमागे बायांची संघटना होती. म्हणून फोन बोलका झाला.

महाराष्ट्रात तर आपल्याकडे याची तयार वाट आहे. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. ‘साथी’ने तिचं राज्य पातळीवर संयोजन केलं. गावच्या बायांनी दवाखान्याला लाल, पिवळा, हिरवा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांनी, अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तरं द्यायची. आपल्यातल्या कित्येकजणी त्या सुनवाईत उभ्या राहिल्या आहेत. वर्षातून एकदा भरणाऱ्या सुनवाईत सांगायच्या गोष्टी त्याच दिवशी सांगता आल्या तर? ‘आज उपकेंद्राला कुलूप आहे.’ ‘आज लोहाच्या गोळ्या नाहीत.’ ‘आज बाळंतिणीकडून पैसे घेतले.’ आणि त्याचं उत्तर अमुक दिवसांत द्यायचं बंधन, न दिल्यास त्याचीही नोंद. आशाताईने बाईवर लक्ष ठेवायला जेवढी यंत्रणा उभी केली आहे, तेवढी बाईने दवाखान्यावर लक्ष ठेवायला उभी करणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. अवघड कुठे आहे ते आपल्याला कळतं.

तोवर काही गोष्टी आत्ताच मागता येतील. बाईने कुणाचा नंबर द्यायचा, कधी फोन यावा, यावा की नाही, हे नोंदणीच्या वेळी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं पाहिजे. मूल गेलं किंवा गर्भ राहिला नाही, तर फोन त्याच दिवशी थांबला पाहिजे. त्यासाठी घरच्यांना हेलपाटे पडता कामा नयेत. चेहरा जुळला नाही म्हणून कुणाचंही पाकीट अडवायचं नाही, आणि सेविकेच्या वहीतली सही पुरेशी धरायची. फोन, दुरुस्ती आणि रिचार्जचा सगळा खर्च सरकारचा, ॲप मराठीत, आणि आदिवासी भागात तिथल्या बोलीत. मेळघाटातल्या कोरकू बाईला मराठीतला फोनही परकाच असतो, हे मराठीत लिहिताना मला विसरायचं नाही. आणि फोनच्या पलीकडे माणूस हवं, शक्यतो जाणती नर्सबाई, जी विचारेल आणि ऐकेल. हे खर्चाचं आहे. त्याला दुसरा इलाज नाही.

त्या पाचव्या बाईला पुढच्या आठवड्यात आमच्या गटातल्या एकीने तालुक्याला नेऊन तपासून आणलं. तिला औषध मिळालं, पण ते नवऱ्यानेही घ्यायला हवं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तो अजून आलेला नाही. त्याला कुणी फोन करायचा, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे.

तुमच्या भागात हे फोन येतात का? कुणाच्या नंबरावर येतात? अंगणवाडीत चेहरा जुळला नाही म्हणून कुणी रिकाम्या हाताने परत गेली का? गावाचं नाव, महिना, आणि बाईची हरकत नसेल एवढंच तिच्याबद्दल लिहून पाठवा. बाईचं नाव आणि नंबर लिहू नका. पुढच्या अंकाआधी आलेले अनुभव एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि महिला व बालविकास खात्याकडे घेऊन जायचे आहेत. पोस्टकार्ड चालेल.